निजामाच्या हद्दीतला लव्हाळा

लव्हाळ्याची काडी चिमटीत धरून फिरवून बघा. गवताची काडी गोल असते, बोटांत सहज फिरते. लव्हाळ्याची अडते, कारण तिला तीन कडा असतात. हे मला वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी कळलं, दिवाळीच्या सुट्टीत, औसा तालुक्यातल्या आमच्या रानाशेजारच्या पाझर तलावाच्या काठावर उकिडवं बसलेलो असताना. तोवर मी लव्हाळ्याला गवतच समजत होतो. आमच्या घरात त्याच्याबद्दल जे बोललं जायचं ते शिव्यांच्या जवळपासचं असायचं. सोयाबीनमध्ये लव्हाळा, उसात लव्हाळा, खुरपून बांधावर टाकला तर आठ दिवसांत पुन्हा लव्हाळा.

त्या दिवशी मी तलावाच्या कडेच्या तीन वेगवेगळ्या काड्या तोडून घरी आणल्या आणि आज्जीपुढं ठेवल्या. “काय शोधलालास रे बापू?” असं म्हणत तिनं एक काडी उचलली आणि “हा लव्हाळा” म्हणून बाजूला टाकली. उरलेल्या दोन नीट बघितल्या. “ही बी त्याचीच भावंडं. पाण्यातली. ह्यांला नाव न्हाई.” मग बराच वेळ गप्प बसून म्हणाली, “आमच्या माहेराला तळ्यात कचेरा ऱ्हायचा. पाणी आटलं की आम्ही पोरं चिखलातून उकरून खायचो. आता न्हाई.”

आज्जीचं माहेर कंधारकडचं, नांदेड जिल्ह्यातलं. तिच्या त्या ‘आता न्हाई’ची शहानिशा करायला मी बसलो आणि वर्षभर शनिवार-रविवार त्यातच गेले. एखादी वनस्पती एखाद्या भागातून गेली, असं म्हणायचं तर ती आधी तिथं होती हे कुठंतरी लिहिलेलं लागतं. मी ते लिहिलेलं शोधत होतो. सापडला तो वनस्पतीपेक्षा सरहद्दींचाच इतिहास जास्त.

आधी या कुळाबद्दल थोडं. लव्हाळा, मोथा, नागरमोथा, कचेरा ही सगळी एका मोठ्या कुटुंबातली मंडळी. शास्त्रीय नाव सायपेरेसी, पुस्तकी मराठीत मुस्ता कुल. जगभरात यांच्या साडेपाच हजारांच्या आसपास जाती आहेत. ज्याच्यापासून इजिप्तमध्ये कागद करायचे तो पपायरसही यांच्यातलाच. गवतासारखे दिसतात, पण गवत नव्हेत. गवताची काडी बहुधा पोकळ असते, तिला पेरं असतात. यांची बहुधा भरीव आणि तिधारी. पानं तीन बाजूंना फुटतात. फुलं इतकी बारीक की त्यांना फूल म्हणायला मन होत नाही. दोन जातींमधला फरक पुष्कळदा मोहरीहून लहान फळावरच्या नक्षीत असतो आणि ती बघायला भिंग लागतं. फळ पिकलेलं नसेल तर भिंग असूनही उपयोग नाही. लव्हाळा ओळखणारी माणसं जगात थोडी का, याचं उत्तर इथंच मिळतं.

या कुळातल्या एकाच जातीला अफाट प्रसिद्धी आहे. शेतातला लव्हाळा, म्हणजे सायपरस रोटंडस. हे नाव लिनियसनं १७५३ साली दिलं. १९७७ साली लीरॉय होम आणि सहकाऱ्यांनी जगातल्या सगळ्यांत वाईट तणांवर एक जाडजूड पुस्तक काढलं, त्यात पहिला नंबर याचा. आमच्या वडिलांना हे सांगितल्यावर ते म्हणाले, “पुस्तक कशाला लागतंय?” उसातल्या लव्हाळ्यासाठी ते हॅलोसल्फ्युरॉन फवारतात, आणि तरी जमिनीखालच्या गाठी शाबूत राहतातच. आयुर्वेदात मात्र हाच मुस्ता मानाचा. तापात देतात त्या षडंगपानीयातल्या सहा औषधांपैकी एक. संस्कृतात त्याचं एक नाव क्रोडेष्टा, म्हणजे डुकराला आवडणारी. कालिदासाच्या शाकुंतलात दुसऱ्या अंकात दुष्यंत शिकार थांबवतो, तेव्हा रानडुकरांनी डबक्यात निवांत मुस्ता उकरावा असं म्हणतो. आज्जीही डुकरांबद्दलच बोलायची. तळं आटलं की आधी डुकरं पोचायची, मग पोरं.

आणि तुकाराम. महापुरात मोठी झाडं जातात आणि लव्हाळा वाचतो हे मराठी माणूस शाळेतच शिकतो, भले त्यानं लव्हाळा कधी ओळखून बघितलेला नसो. पण तो दृष्टान्त पुराचा आहे. लातूरकडं प्रश्न बहुतेक वेळा उलटा असतो. पाणीच आलं नाही तर? शेतातला लव्हाळा तेव्हाही गाठींच्या जोरावर तग धरतो. त्याच्या पाण्यातल्या भावंडांचं तसं नाही. त्यांना काही महिने ओल लागते आणि हळूहळू आटत जाणारा काठ लागतो. कचेरा त्यांतला.

कचेऱ्याचा कागदोपत्री माग काढत मी श्रीरामपूरला पोचलो. नगर जिल्ह्यातलं नव्हे, बंगालमधलं, कोलकात्याजवळचं. विल्यम रॉक्सबर्ग हा ईस्ट इंडिया कंपनीचा डॉक्टर आधी आंध्रच्या किनाऱ्यावर होता, नंतर कलकत्त्याच्या बागेचा प्रमुख झाला. स्थानिक लोकांकडून नावं विचारून घ्यायची त्याची चांगली सवय होती. चिखलात गोल कंद धरणाऱ्या एका उंच, तिधारी वनस्पतीला त्यानं ‘स्किर्पस किसूर’ असं नाव दिलं. यातलं किसूर म्हणजे आपला कसेरू. हिंदीत कसेरू, मराठीत कचेरा. रॉक्सबर्ग १८१५ मध्ये वारला आणि त्याच्या ‘फ्लोरा इंडिका’चा पहिला खंड १८२० मध्ये श्रीरामपूरच्या मिशन छापखान्यातून निघाला. संपादक विल्यम कॅरे. हाच कॅरे ज्यानं १८०५ मध्ये मराठीचं व्याकरण आणि १८१० मध्ये मराठी-इंग्रजी कोश छापला. मराठी भाषेचं छापील व्याकरण आणि कसेरूची शास्त्रीय नोंद, दोन्ही एकाच माणसाच्या हाताखालून गेली. हे कळल्यावर मी लॅपटॉप बंद करून बाहेर चहा प्यायला गेलो होतो, इतका आनंद झाला होता.

पुढं त्या नावाचं जे झालं ते आमच्या क्षेत्रातल्या कुणालाही ओळखीचं वाटेल. लिनियसच्या मुलानं अठराव्या शतकातच ‘स्किर्पस ग्रॉसस’ नावाची जात लिहून ठेवली होती. नंतरच्या अभ्यासकांनी किसूर तिचाच प्रकार ठरवला. १९९१ मध्ये ती जात ‘ॲक्टिनोस्किर्पस’ या नव्या वंशात गेली आणि १९९४ मध्ये एडिंबराच्या हेन्री नोल्टी यांनी किसूरला तिथं उपप्रकार म्हणून जागा दिली. म्हणजे फोल्डरचं नाव तीनदा बदललं. जुन्या पुस्तकातून नव्या यादीत जाताना प्रत्येक वेळी एक दुवा तुटतो. स्थानिक नाव ‘कचेरा’ तर पहिल्याच फेरीत गळतं, कारण याद्या लॅटिनमध्ये असतात.

तरीही नाव ही मोठी अडचण नव्हती. अडचण ‘कुठं’ ही होती.

मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवर पहिलं मोठं पुस्तक १८६१ चं, डाल्झेल आणि गिब्सन यांचं. दुसरं, आजही संदर्भासाठी उघडलं जाणारं, थिओडोर कूक यांचं ‘फ्लोरा ऑफ द प्रेसिडेन्सी ऑफ बॉम्बे’. १९०१ ते १९०८ या काळात ते भागाभागानं निघालं. कूक मुळात इंजिनिअर. रेल्वेचं काम करायला आयर्लंडहून आले, वसईच्या खाडीवरचा लोखंडी पूल त्यांनी बांधला, मग पुण्याच्या सिव्हिल इंजिनिअरिंग कॉलेजचे, म्हणजे आजच्या सीओईपीचे, प्राचार्य झाले. निवृत्त होऊन लंडनला गेल्यावर त्यांनी हा ग्रंथ लिहिला. आमच्यातला एक माणूस वनस्पतींच्या नादाला लागून इतकं करून गेला, हे मला फारच दिलासा देणारं वाटलं. घरचे विचारतात ना, कॉम्प्युटरचं शिकून हे गवत कशाला गोळा करतोस म्हणून.

पण पुस्तकाच्या नावातच त्याची मर्यादा आहे. प्रेसिडेन्सी ऑफ बॉम्बे. लातूर, नांदेड, परभणी, बीड, उस्मानाबाद, औरंगाबाद हे सगळं तेव्हा निजामाच्या हैदराबाद राज्यात. कूकच्या पुस्तकात सिंध येतं, गुजरात येतं, कोकण, पुणे, सोलापूर, धारवाड येतं. आम्ही येत नाही. ही सरहद्द रानात उभं राहून बघितली तर हास्यास्पद वाटते. बार्शी सोलापूर जिल्ह्यातली, म्हणजे इंग्रजी मुलूख. तिथून पूर्वेला थोडं गेलं की येडशी, निजामाची. माती तीच, पाऊस तोच, बालाघाटचे डोंगर तेच. बार्शीच्या ओढ्यातला लव्हाळा कूकच्या कक्षेत, येडशीच्या ओढ्यातला कक्षेबाहेर. पलीकडून मद्रास इलाख्याचा फ्लोरा आला, गँबल यांचा, १९१५ पासून पुढं. त्याचीही हद्द निजामाच्या राज्याला वळसा घालून जाते. दोन जाड ग्रंथांच्या मधोमध मराठवाडा कोरा राहिला.

मग सगळ्या ब्रिटिश भारताचा म्हणून काढलेला हूकर यांचा सात खंडांचा फ्लोरा होता, त्याचं काय? त्याच्या सहाव्या खंडात लव्हाळ्याचं कुळ आहे आणि ते लिहिलंय चार्ल्स बॅरन क्लार्क यांनी. हे गृहस्थ केंब्रिजला गणित शिकवायचे, मग बंगालमध्ये शाळा तपासनीस झाले, आणि लव्हाळ्यांच्या नादाला असे लागले की त्या काळात या कुळाचा त्यांच्याइतका जाणकार शोधावा लागला असता. त्यांच्या नोंदींतून जाती भेटतात. पण ठिकाण म्हणून पुष्कळदा ‘दख्खन’ एवढाच शब्द. दख्खन म्हणजे नाशिकपासून हैदराबादपर्यंत काहीही. ‘ॲड्रेस: इंडिया’ असं लिहून कुरिअर पाठवण्यातला प्रकार.

निजामाच्या राज्यात वनस्पतींकडं कुणी बघतच नव्हतं असं नाही. १९११ मध्ये पार्ट्रिज यांची निजामाच्या मुलखाची ‘फॉरेस्ट फ्लोरा’ निघाली. पण ती जंगल खात्याच्या कामाची, तिचा भर झाडांवर. सागवान विकता येतो, त्यावर पैसा मिळतो. तळ्याच्या कडेच्या तिधारी काडीवर कसला महसूल लावणार? आणि लव्हाळा गोळा करायचा तर ऑगस्ट ते ऑक्टोबर हाच मोसम. त्या दिवसांत काळ्या मातीतून चालताना चप्पल नव्हे, पाय निघत नाही. १९११ मध्येच बार्शी लाइट रेल्वेची अरुंद गाडी लातूरपर्यंत पोचली होती. पुण्याच्या एखाद्या वनस्पतीवाल्याला ती पकडून येता आलं असतं. पण ज्या पुस्तकासाठी तो गोळा करणार, त्या पुस्तकात हे गावच नव्हतं.

१७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद संस्थान भारतात आलं. १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात सामील झाला. १९५५ मध्ये भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं पश्चिम विभागाचं कार्यालय पुण्यात सुरू झालं होतं, आणि १९५८ मध्ये औरंगाबादला मराठवाडा विद्यापीठ आलं. त्या विद्यापीठात व्ही. एन. नाईक नावाचे प्राध्यापक होते. बीएस्सी बॉटनी केलेल्या कुणाला विचारा, त्यांचं ‘टॅक्सॉनॉमी ऑफ अँजिओस्पर्म्स’ हातून गेलेलं असतं. त्यांनी १९७९ मध्ये ‘फ्लोरा ऑफ उस्मानाबाद’ हे पुस्तक काढलं. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यातच होतं, जिल्हा वेगळा झाला तो ऑगस्ट १९८२ मध्ये. म्हणजे उस्मानाबादचं नाव असलेलं हे पुस्तकच लातूर, औसा, निलंग्याच्या रानाचंही पुस्तक आहे. पुढं १९९८ मध्ये त्यांचाच दोन खंडांतला ‘फ्लोरा ऑफ मराठवाडा’ आला. कूकचा पहिला भाग निघाल्यापासून हे व्हायला जवळजवळ शंभर वर्षं लागली.

नाईकांच्या कामाचं मोल मला शब्दांत सांगता येणार नाही, पण त्यातली एक खंत सांगावीशी वाटते. नोंद सुरू झाली तेव्हा जे नोंदायचं ते आधीच बदललेलं होतं.

मराठवाड्यात नैसर्गिक सरोवरं जवळपास नाहीतच. इथलं पाणथळ म्हणजे नदीचे डोह, ओढ्यांचे काठ, आणि माणसानं बांधलेली तळी. ही तळी मात्र फार जुनी आहेत. कंधारचा जगत्तुंग समुद्र राष्ट्रकूटांच्या काळातला, हजार वर्षांपलीकडचा. हेच राष्ट्रकूट स्वतःला ‘लट्टलूरपुरवराधीश्वर’ म्हणजे लातूरचे अधिपती म्हणवून घ्यायचे, तर कुठंतरी घरचं पाणी घरच्या माणसांनीच अडवलेलं. अशा तळ्याचा काठ हळूहळू वर्षभर मागं सरकतो. पावसाळ्यात भरलं, दिवाळीला वीतभर खाली, संक्रांतीला हातभर, शिमग्याला तळाचा चिखल उघडा. प्रत्येक टप्प्यावर वेगळी लव्हाळी उगवतात, फळतात आणि पुढच्या पावसापर्यंत बी किंवा कंद होऊन चिखलात झोपतात. वर्षभर भरलेल्या पाण्यात हे होत नाही आणि वर्षभर कोरड्या जमिनीतही होत नाही. आज्जीचा कचेरा या मधल्या जागेत राहायचा.

मग १९७२ चा दुष्काळ. खडी फोडणं, रस्ते आणि पाझर तलाव. आमच्या रानाशेजारचा तलाव त्याच वेळचा, आजोबांनी तिथं माती वाहिली होती. रोजगार हमीच्या या तलावांनी लव्हाळ्यांना नवे काठ दिले, हे खरं. पण विहिरी खोल गेल्या, मग बोअर आले, ऊस वाढला, ओढ्यांचा दिवाळीनंतरचा पाझर थांबला. मांजरेवर धनेगावचं धरण १९८०च्या दशकात पूर्ण झालं. खालच्या पात्रात पाणी कधी सोडायचं हे त्यानंतर ऋतूऐवजी बैठकीत ठरू लागलं. नाईकांचं पहिलं पुस्तक या सगळ्या उलथापालथीच्या मधोमध निघालं. त्याआधीचं चित्र कसं होतं हे सांगणारं दुसरं पुस्तक नाही. आज्जी आहे.

आणि आज्जीची साक्ष यादीत चालत नाही. मी तिला फोटो दाखवले. कचेऱ्याचा दाखवला तर “असंच”, म्हणाली. मग त्याच कुळातल्या दुसऱ्या एका, तसाच गोड कंद धरणाऱ्या एलिओकॅरिसचा दाखवला तर “ह्यो बी असंल”, म्हणाली. साठ वर्षांपूर्वी खाल्लेल्या वस्तूची चव तिला आठवते, पानं आठवत नाहीत, आणि खरं तर पानं बघायला तेव्हा कुणाला वेळ होता? ती कोणती जात होती हे ठरवायला वाळवलेला नमुना हवा, त्यावर तारीख आणि गाव हवं. तसा नमुना नाही.

इथं मला कामावरची रोजची गोष्ट आठवते. डेटाबेसमध्ये शून्य वेगळं आणि नल वेगळं. शून्य म्हणजे मोजलं आणि काही निघालं नाही. नल म्हणजे मोजलंच नाही. नवीन पोरं दोन्ही एकच समजून कोड लिहितात आणि रिपोर्टमध्ये जिथं माहिती नाही तिथं ‘०’ छापून येतो. मग मॅनेजर म्हणतो, बरं झालं, तिथं काही प्रॉब्लेम नाही.

आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाची रेड लिस्ट सगळ्यांना ऐकून माहीत असते. ती जगाच्या पातळीवरची. एखादी जात जगात भरपूर असून एखाद्या प्रदेशातून जाऊ शकते, म्हणून प्रादेशिक पातळीसाठी त्यांचे वेगळे नियम आहेत आणि त्यात ‘प्रदेशातून नामशेष’ असा वेगळा वर्गही आहे. कचेरा याचं उत्तम उदाहरण ठरू शकेल. आग्नेय आशियात तो भातातलं तण म्हणून शेतकऱ्यांना छळतो, तिथं त्याला दुर्मीळ म्हटलं तर लोक हसतील. पण ‘प्रदेशातून नामशेष’ असं लिहायचं तर ती जात त्या प्रदेशात होती हे आधी सिद्ध करावं लागतं. ज्या प्रदेशाची पहिली यादीच १९७९ ची, तिथं त्याआधी गेलेलं काहीही नामशेष ठरत नाही. ते कधी नव्हतंच, असं धरलं जातं. कोकणातल्या एखाद्या सड्यावरची लव्हाळ्याची जात दुर्मीळ ठरते, कारण तिथं दीडशे वर्षं माणसं जाऊन बघत आली. दुर्मीळ ठरणं हीसुद्धा एक सुविधा आहे, रस्त्यासारखी. ती आधी इलाख्यात पोचली.

तरी गेल्या काही वर्षांत या कुळाला महाराष्ट्रात चांगले दिवस आले. एम. ए. वदूद खान यांचा पश्चिम घाट, पश्चिम किनारा आणि महाराष्ट्रातल्या लव्हाळ्यांवरचा मोठा ग्रंथ २०१५ मध्ये नागपूरहून निघाला. त्यांनी आणि पी. लक्ष्मीनरसिंहन यांनी एका नव्या जातीला ‘फिम्ब्रिस्टायलिस नायकी’ असं नाव दिलं, आणि दुसऱ्या अभ्यासकांनी एका जातीला खुद्द वदूद खानांचं, ‘एलिओकॅरिस वदूदी’. गावात रस्त्याला नाव मिळवायला माणसाला काय काय करावं लागतं. इथं भिंगाखाली मावणाऱ्या काडीला नाव मिळतं आणि ते टिकतं.

१२ एप्रिल २०१६ ला पहाटे मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली. दहा वाघिणी, पाच लाख लिटर. मी तेव्हा इंजिनिअरिंगला होतो आणि आमच्या होस्टेलवर सगळे मला ‘ट्रेनचं पाणी’ म्हणून चिडवायचे. ती गाडी ज्या वाटेनं आली ती जुन्या बार्शी लाइटचीच वाट, आता रुंद झालेली. त्याच वर्षी लोकांनी वर्गणी काढून मांजरेचं पात्र खोल केलं. पुढच्या वर्षी सरकारची ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना आली आणि तलावातला गाळ ट्रॅक्टरनं शेतात गेला. आमच्या तलावातलाही गेला. वडिलांनी चाळीस ट्रॉल्या टाकल्या आणि पुढची दोन वर्षं सोयाबीन खरोखर चांगलं आलं. मी त्याबद्दल तक्रार करणार नाही. नळाला पंधरा-पंधरा दिवस पाणी न आलेल्या घरात बसून लव्हाळ्याच्या बियांची काळजी करा असं कुणी म्हणालं असतं, तर मीच त्याला हाकललं असतं. पण त्या गाळाच्या वरच्या वीतभर थरातच या कुळाचं बी वर्षानुवर्षं झोपलेलं असतं, आणि तो थर उचलण्याआधी त्यात काय आहे हे बघून ठेवलेली एकही नोंद मला सापडली नाही. त्या रकान्यात शून्य नाही. नल आहे.

कायदा बघायला गेलो तर तिथंही हद्दीचाच खेळ. पाणथळ जागांचे २०१७ चे केंद्र सरकारचे नियम आहेत. त्यांत पाणथळ कशाला म्हणायचं याची व्याख्या आहे, आणि पिण्याच्या पाण्यासाठी किंवा सिंचनासाठी मुद्दाम बांधलेले जलाशय त्या व्याख्येतून वगळलेले आहेत. रामसर कराराच्या १९७१ च्या व्याख्येत मात्र मानवनिर्मित जागाही बसतात. महाराष्ट्राची पहिली रामसर जागा, नांदूर मधमेश्वर, ही गोदावरीवरच्या बंधाऱ्यामुळंच झालेली आहे. तीच गोदावरी पुढं नांदेडला येते. सिंधुदुर्गातल्या एखाद्या नैसर्गिक पाणथळीला या नियमांचा आधार मागता येतो. लातूरचा पाझर तलाव सिंचनाचा, म्हणून बाहेर. आधी इलाख्याच्या व्याख्येबाहेर होतो, आता पाणथळीच्या.

गेल्या पावसाळ्यात सुट्टी काढून मी दहा दिवस गावी राहिलो. एका बॉटनीवाल्या मित्रानं शिकवल्याप्रमाणं मुळासकट काड्या काढल्या, जुन्या वर्तमानपत्रात दाबल्या, रोज कागद बदलला. आज्जीला वाटलं मी पापड वाळवतोय. तलावाच्या उत्तरेच्या कडेला, जिथं ट्रॅक्टर उतरला नव्हता, तिथं सात प्रकार मिळाले. त्यांतले चार मला ओळखता आले. तीन नाहीत, ते मित्राकडं दिलेत. कचेरा नव्हता.

ग्रामपंचायतीत लोकजैवविविधता नोंदवही असते, जैवविविधता कायद्यानं प्रत्येक गावाला ती करावी लागते. मी ती मागून बघितली. गवत आणि तण या पानावर एकच ओळ होती: लव्हाळा, सर्वत्र, त्रासदायक. खाली बरीच जागा मोकळी होती. ग्रामसेवक म्हणाले, घाला की तुम्हाला काय घालायचं ते. मी माझे चार लिहिले, तलावाची बाजू आणि तारीख घातली. मग थोडं थांबून पाचव्या ओळीत कचेरा लिहिला आणि पुढं ठिकाणाच्या रकान्यात आज्जीच्या माहेरचं नाव. ते म्हणाले, “हे आपल्या गावचं नाही, दुसऱ्या जिल्ह्यातलं. इथं नाही चालत.” मी खोडलं.